सिम्युलेशन सर्व्हर स्क्रिप्टमधून दुरून बंद करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोबॉटिक्स, स्वयंचलित वाहनं, प्रवाह-गणित, रेणूंची गतिकी अशी सिम्युलेशनं रात्रभर आपोआप चालवणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिनक्स सर्व्हर गृहीत धरून दिली आहेत. विंडोजसाठी प्रश्न १५ पाहा.

१. ‘सर्व्हर बंद करायचा’ म्हणजे नेमकं काय बंद करायचं?

चालू रन (सिम्युलेशनची एक फेरी), सर्व्हरची प्रोसेस आणि मशीन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रन थांबवला तरी सर्व्हर मेमरीत बसून राहतो. प्रोसेस संपली की मेमरी, जीपीयू आणि पोर्ट सुटतात. मशीन बंद केलं की वीज किंवा भाडं वाचतं, पण ते पुन्हा सुरू कसं करायचं याची सोय आधी लागते (प्रश्न १६).

बहुतेक स्क्रिप्टांना हवी असते दुसरी गोष्ट आणि त्या पहिलीवरच थांबतात. कोपेलियासिम या रोबॉट सिम्युलेटरमध्ये ‘स्टॉपसिम्युलेशन’ने फक्त रन थांबतो, प्रोग्रॅम बंद करायला ‘क्विटसिम्युलेटर’ वेगळं आहे. शिवाय स्टॉपची कमांड परत आली म्हणजे रन थांबला असं नाही. ‘गेटसिम्युलेशनस्टेट’ विचारत राहा आणि अवस्था ‘स्टॉप्ड’ झाल्यावरच पुढची कमांड द्या.

२. सरळ ‘किल -९’ दिलं तर काय बिघडतं?

सिग्किल, म्हणजे ९ क्रमांकाचा सिग्नल, प्रोसेसला कळतच नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, तिला जागच्या जागी संपवतो. त्यामुळे बफरमधला डेटा डिस्कवर उतरत नाही, लॉक फाइल तशीच राहते आणि तिने सुरू केलेल्या मुलं-प्रोसेस अनाथ होऊन चालत राहतात. लिहिण्यासाठी उघडी असलेली एचडीएफ५ फाइल अशा वेळी पुढे उघडेनाशी होऊ शकते. रॉस १ (रोबॉटसाठीची सॉफ्टवेअर प्रणाली) मधली बॅग फाइल ‘.ॲक्टिव्ह’ शेपटीसकट मागे राहते आणि तिला ‘रॉसबॅग रीइंडेक्स’ करावं लागतं.

सिग्टर्म (१५) आणि सिग्इंट (२) प्रोसेसला पकडता येतात, म्हणून आवराआवर करता येते. सिग्किल स्क्रिप्टमध्ये असायलाच हवा, पण शेवटच्या पायरीवर.

३. स्क्रिप्टमध्ये पायऱ्यांचा क्रम कसा ठेवावा?

आधी कोणती प्रोसेस बंद करायची ते पक्कं करा आणि तिचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) टिपून ठेवा. अनेक सर्व्हर असतील तर ही पायरी सगळ्यात महत्त्वाची (प्रश्न १४). मग नवीन काम येणं थांबवा. रांगेतून कामं घेणारा क्लायंट चालूच असेल तर तुम्ही सर्व्हर बंद करताय आणि तो पुन्हा जोडतोय, अशी ओढाताण सुरू होते.

त्यानंतर सिम्युलेटरच्या स्वतःच्या मार्गाने विनंती करा (प्रश्न ५). तसा मार्ग नसेल तर सिग्टर्म. मग थांबा, पण ‘स्लीप १२०’ असं आंधळेपणाने नाही. दर २ सेकंदांनी प्रोसेस आहे का ते तपासा आणि ती गेली की लगेच पुढे जा. एरवी ५ सेकंदांत बंद होणाऱ्या सर्व्हरपायी प्रत्येक रनमागे २ मिनिटं वाया जातात, आणि शेकडो रनच्या मालिकेत ती फार होतात.

मुदत संपली तरच सिग्किल, तोही एकट्या पीआयडीला न देता पूर्ण प्रोसेस ग्रुपला: किल कमांडमध्ये ग्रुपचा क्रमांक उणे चिन्ह लावून दिला की तो सगळ्यांना जातो. ग्रुपचा क्रमांक मात्र ‘पीएस’मधून ‘पीजीआयडी’ म्हणून काढा. तो पीआयडीइतकाच असेल असं धरून चालू नका.

शेवटी पडताळणी. प्रोसेस नाही, पोर्टवर कोणी ऐकत नाही, शेवटची आउटपुट फाइल पूर्ण आहे. या तिन्ही गोष्टी खऱ्या ठरल्यावरच स्क्रिप्टने ० परत करावा. सिग्किल वापरावा लागला असेल तर वेगळा कोड परत करा. तो रन ‘झाला’ म्हणून मोजला जाऊ नये, कारण त्याचे शेवटचे आकडे भरवशाचे नसतात.

४. सिग्किलच्या आधी किती वेळ द्यावा?

सर्व्हरला जे जतन करायचं आहे त्यावर ते ठरतं. मेमरीतली अवस्था ४० जीबी असेल आणि डिस्क सेकंदाला २०० एमबी लिहीत असेल, तर नुसत्या लिखाणाला २०० सेकंद लागतात. त्याच्या दुप्पट, म्हणजे ४०० सेकंद, ही समजूतदार मुदत. डिस्क सामायिक असेल तर एकाच वेळी किती सर्व्हर बंद होतात त्या प्रमाणात वाढवा. दहा जण एकदम चेकपॉइंट (पुढे तिथूनच सुरू करता यावं म्हणून जतन केलेली अवस्था) लिहायला लागले की वेग वाटला जातो.

खरा धोका वेगळाच असतो: तुमच्या मुदतीच्या आत दुसरंच कोणीतरी सिग्किल देतं. लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीची मूळ मुदत ९० सेकंद (‘टाइमआउटस्टॉपसेक’ने वाढते), कंटेनर चालवणाऱ्या डॉकरची १० सेकंद आणि कुबरनेटिसची ३० सेकंद, क्लस्टरवर कामं वाटणाऱ्या स्लर्मची ‘किलवेट’ ३० सेकंद. वरच्या उदाहरणातला चेकपॉइंट या चारांपैकी कोणाच्याही मूळ मुदतीत बसत नाही.

५. माझ्या सिम्युलेटरला बंद करायचा स्वतःचा मार्ग आहे का?

गझीबो या रोबॉट सिम्युलेटरच्या नव्या रूपात ‘सर्व्हर_कंट्रोल’ नावाची सर्व्हिस आहे. तिला ‘स्टॉप: ट्रू’ पाठवलं की सर्व्हर शिस्तीत बंद होतो. वेबॉट्स या रोबॉट सिम्युलेटरमध्ये सुपरवायझर कंट्रोलरमधून ‘सिम्युलेशनक्विट’ बोलवा. त्याला दिलेला आकडा सिम्युलेटरचा एक्झिट कोड होतो, म्हणून चाचणी पास की नापास हेही त्यातूनच कळवता येतं. कोपेलियासिमचं उत्तर प्रश्न १ मध्ये आलं.

प्रवाह-गणिताच्या ओपनफोममध्ये ‘कंट्रोलडिक्ट’ फाइलमधलं ‘स्टॉपॲट’ बदलून ‘राइटनाउ’ करा. चालू टप्पा पूर्ण होतो, निकाल लिहिला जातो आणि सॉल्व्हर थांबतो. पण त्याच फाइलमध्ये ‘रनटाइममॉडिफायेबल’ चालू असायला हवं, नाहीतर बदल वाचलाच जात नाही. पुढच्या रनआधी ‘स्टॉपॲट’ पूर्ववत करायलाही विसरू नका. रेणूंच्या गतिकीचा ग्रोमॅक्स सिग्टर्म किंवा सिग्इंट मिळाल्यावर चेकपॉइंट लिहून थांबतो, त्यामुळे तिथे वेगळं काही लागत नाही. वेळ आधीच ठाऊक असेल तर ‘मॅक्सएच’ पर्याय द्या. दिलेल्या तासांच्या ०.९९ पट वेळ झाल्यावर तो आपणहून थांबतो.

स्वयंचलित वाहनांच्या कार्ला सिम्युलेटरच्या क्लायंटकडे सर्व्हर बंद करण्याची कमांड नाही. तिथे प्रोसेसच संपवावी लागते आणि त्यात दोन खाचखळगे आहेत (प्रश्न ९ आणि १२).

६. टर्मिनलवर स्क्रिप्ट चालते, क्रॉनमधून चालवली की नाही. का?

ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनला तुमचं वातावरण मिळत नाही. ‘पाथ’ अगदी तोकडा असतो, एसएसएच-एजंट (दूरच्या मशीनवर शिरण्याच्या किल्ल्या सांभाळणारा) नसतो आणि पासवर्ड विचारला तर उत्तर द्यायला कोणी नसतं. कमांडचे पूर्ण मार्ग लिहा आणि किल्लीची फाइल ‘-आय’ने सांगा. एसएसएचला ‘बॅचमोड’ चालू करून द्या, म्हणजे ते पासवर्डसाठी अडून न राहता लगेच चूक परत करतं. ‘कनेक्टटाइमआउट’ १० सेकंद ठेवा. ‘सुडो’ला ‘-एन’ लावा, तेही याच कारणासाठी. सर्व्हरची होस्ट-की आधीच ‘नोन_होस्ट्स’मध्ये नोंदवून ठेवा, तपासणीच बंद करून टाकण्याची सवय लावून घेऊ नका.

क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. लॉगच्या नावात तारीख घालताना त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर कमांड अर्धीच चालते.

७. यादीतल्या दहा सर्व्हरांपैकी पहिलाच बंद होतो आणि लूप संपतो. चूक कुठे?

‘व्हाइल रीड’ लूपमधला एसएसएच स्टँडर्ड इनपुट खातो, म्हणजे तुमची उरलेली यादीच गिळतो. एसएसएचला ‘-एन’ द्या.

८. कोणता एक्झिट कोड आला म्हणजे काय समजायचं?

सिग्नलने मेलेल्या प्रोसेसचा कोड शेलमध्ये १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा दिसतो: १३० म्हणजे सिग्इंट, १३७ म्हणजे सिग्किल, १४३ म्हणजे सिग्टर्म. तुम्ही सिग्किल दिलाच नसताना १३७ दिसला तर मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच प्रोसेस मारली असण्याची शक्यता पहिली, ‘डीमेसेज’ पाहा. ‘टाइमआउट’ कमांड मुदत संपल्यावर १२४ देते. ‘पीकिल’ला जुळणारी प्रोसेस सापडली नाही तर १. बंद करणाऱ्या स्क्रिप्टसाठी हा १ बहुधा यशच असतो, कारण सर्व्हर आधीच बंद आहे. ‘सेट -ई’ लावलेली स्क्रिप्ट मात्र तिथेच गळपटते, म्हणून तो कोड वेगळा हाताळा.

२५५ हा एसएसएचचा स्वतःचा कोड: जोडणीत बिघाड, किंवा पुढच्या प्रश्नात आहे ते.

९. दुरून ‘पीकिल -एफ’ केलं की सर्व्हर मरतो पण २५५ येतो. आणि ‘-एफ’ काढलं तर काहीच मरत नाही. हे काय आहे?

‘-एफ’ पूर्ण कमांड-लाइन तपासतं. एसएसएचने पलीकडे जो शेल उघडला त्याच्याही कमांड-लाइनमध्ये तुम्ही दिलेलं नाव असतंच, म्हणून पीकिल त्या शेललाही मारतं आणि एसएसएच २५५ देतं. नावाचं पहिलं अक्षर चौकटी कंसात घाला. शोध तोच राहतो, पण कंसासकट लिहिलेली शेलची ओळ त्याला जुळत नाही.

‘-एफ’ नसताना पीकिल फक्त प्रोसेसचं नाव पाहतं, आणि कर्नल त्यातली पहिली १५ अक्षरंच ठेवतो. कार्लाच्या सर्व्हरचं नाव ‘कार्लायूई४-लिनक्स-शिपिंग’ असं रोमन लिपीत २३ अक्षरांचं. पूर्ण नाव दिलंत तर ते कधीच जुळणार नाही; ‘लिनक्स’नंतरच्या जोडरेघेपाशी तोडा, तिथे बरोबर १५ भरतात.

कार्ला सुरू करताना आपण चालवतो ती शेल स्क्रिप्ट. खरा सर्व्हर हा तिचा मुलगा. नुसत्या शेल स्क्रिप्टचा पीआयडी टिपून तिला मारलं तर ती जाते आणि सर्व्हर जीपीयू अडवून तसाच राहतो. कुठल्याही सिम्युलेटरबाबत एकदा ‘पीएसट्री -पी’ चालवून कोण कोणाचं मूल आहे ते डोळ्यांनी पाहून घ्या. यात गेलेली दोन मिनिटं पुढे कितीतरी वेळ वाचवतात.

१०. सिग्इंट पाठवतोय, पण सर्व्हरवर काहीच परिणाम नाही. हाताने कंट्रोल-सी दाबलं की मात्र बंद होतो.

स्क्रिप्टमधून ‘&’ लावून सुरू केलेल्या प्रोसेसला शेल सिग्इंट दुर्लक्षित करायला लावूनच जन्माला घालतो. सुरुवातीलाच सिग्इंट दुर्लक्षित असेल तर पायथनही आपला ‘कीबोर्डइंटरप्ट’ लावत नाही. त्यामुळे तोच सर्व्हर टर्मिनलवर ऐकतो आणि स्क्रिप्टमधून सुरू केला की ऐकत नाही. सिग्टर्म पाठवा आणि पायथनच्या कोडमध्ये त्यासाठी हँडलर लिहा, कारण सिग्टर्मला पायथन आपणहून आवराआवर करत नाही. सिग्इंटच हवा असेल तर सर्व्हर सिस्टमडीखाली चालवून ‘किलसिग्नल’ बदला.

रॉसची लाँच फाइल वापरत असाल तर ही चढती पायरी तिच्यातच आहे. रॉस १ मध्ये सिग्इंटनंतर १५ सेकंद, मग सिग्टर्म, आणखी २ सेकंदांनी सिग्किल. रॉस २ मध्ये दोन्ही मुदती मुळात ५ सेकंदांच्या आहेत आणि त्या बदलता येतात.

११. मारला की सर्व्हर पुन्हा उठतो. कायमचा कसा बंद करू?

तो सिस्टमडीच्या ताब्यात आहे आणि ‘रीस्टार्ट=ऑलवेज’ लावलेलं आहे. बाहेरून मारलेली प्रोसेस त्याला अपघात वाटते. ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ने बंद करा, मग तो उठत नाही. ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ असेल तर सिग्टर्म, सिग्इंट हे सुरळीत बाहेर पडणं धरलं जातं आणि सिग्किल नाही; म्हणून सिग्टर्मने शांत राहणारा सर्व्हर सिग्किलने मात्र परत येतो.

सिस्टमडी वापरण्यात मोठा फायदा असा, की ते पूर्ण कंट्रोल-ग्रुपला सिग्नल देतं, त्यामुळे प्रश्न ९ मधली अनाथ मुलं उरत नाहीत. फक्त स्टॉपनंतर ‘रिझल्ट’ हा गुणधर्म वाचा. तिथे ‘टाइमआउट’ दिसलं तर सर्व्हर मुदतीत थांबला नव्हता, त्याला मारावं लागलं.

१२. सर्व्हर ‘बंद झाला’, तरी पोर्ट, जीपीयू किंवा पुढचा रन अडकतो.

‘एसएस -एलटीएनपी’ने पोर्टवर कोण ऐकतंय ते पाहा. कोणी ऐकत असेल तर प्रोसेस जिवंत आहे, प्रश्न ९. कोणीच नसूनही ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ येत असेल तर जुन्या जोडण्या ‘टाइम-वेट’ अवस्थेत आहेत. लिनक्समध्ये ती ६० सेकंदांची. तेवढं थांबा, किंवा सर्व्हरच्या कोडमध्ये ‘एसओ_रीयूजॲडर’ लावा.

जीपीयूची मेमरी कोणाकडे आहे ते ‘एनव्हिडिया-एसएमआय’ दाखवतं. सामायिक मेमरी ही विसरली जाणारी जागा: सिग्किलनंतर ‘/डेव्ह/एसएचएम’मध्ये फाइली पडून राहतात आणि त्या रॅम खातात. फास्ट डीडीएस या संदेशवहन लायब्ररीच्या उरलेल्या फाइलींसाठी ‘फास्टडीडीएस एसएचएम क्लीन’ आहे.

कार्लामध्ये उलटा प्रकारही होतो, सर्व्हर बंद न होता गोठल्यासारखा दिसतो. सिंक्रोनस मोडमध्ये सर्व्हर प्रत्येक पाऊल टाकायला क्लायंटच्या ‘टिक’ची वाट पाहतो. टिक देणारा क्लायंट मध्येच मेला की पाऊल पुढे पडत नाही. क्लायंटच्या ‘फायनली’ भागात सिंक्रोनस मोड बंद करून आपण उभे केलेले ॲक्टर (वाहनं, माणसं) काढून टाका, मगच बाहेर पडा.

१३. ‘किल -९’नेही प्रोसेस जात नाही.

‘पीएस’मधला अवस्थेचा रकाना पाहा. ‘झेड’ असेल तर प्रोसेस मेलेलीच आहे, फक्त तिच्या पालकाने नोंद घेतलेली नाही. अशा प्रोसेसला ‘किल -०’ यशस्वी होतं, त्यामुळे तेवढ्यावर वाट पाहणारी स्क्रिप्ट कायम अडकते. ‘झेड’ला ‘बंद’ धरा. ‘डी’ असेल तर प्रोसेस कर्नलमध्ये डिस्क किंवा नेटवर्क-डिस्कच्या उत्तरासाठी थांबली आहे. ते उत्तर आलं की सिग्नल लागू होतो. तोवर वारंवार किल करून उपयोग नाही, साठवणूक का अडली ते शोधा. ‘टी’ म्हणजे थोपवलेली. तिला सिग्टर्मबरोबर सिग्कॉन्टही पाठवा.

१४. एकाच मशीनवर चार सर्व्हर आहेत. दुसऱ्या कोणाचा बंद होणार नाही याची खात्री कशी करायची?

नावाने मारणं सोडून द्या. प्रत्येक सर्व्हरसाठी सिस्टमडीचं ‘@’वालं टेम्प्लेट युनिट करा, म्हणजे ‘सिम@३’ बंद केला की तोच बंद होतो. पीआयडी फाइलवर चालवायचं असेल तर पीआयडीसोबत प्रोसेस सुरू झाल्याची वेळही लिहा आणि मारण्याआधी दोन्ही जुळवा. मशीन रीस्टार्ट झाल्यावर तोच आकडा भलत्याच प्रोसेसला मिळालेला असू शकतो.

गझीबोत जास्त जपा. त्याचं जाळं मल्टिकास्टवर एकमेकांना शोधतं, म्हणून एकाच लॅन-मधल्या दोघांनी ‘जीझेड_पार्टिशन’ एकच दिलेलं असेल तर तुमची ‘स्टॉप’ची विनंती शेजारच्या मशीनवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊ शकते. दुसऱ्याचं दोन दिवसांचं काम एका ओळीने जातं. पार्टिशन प्रत्येक रनला वेगळं द्या.

१५. सर्व्हर विंडोजवर असेल तर?

‘टास्ककिल’ साध्या रूपात खिडकीला बंद होण्याचा संदेश देतं. खिडकी नसलेल्या सर्व्हरला तो लागू पडत नाही आणि ‘/एफ’ लावावं लागतं, म्हणजे थेट सिग्किलसारखंच. म्हणून तिथे सिम्युलेटरचा स्वतःचा मार्गच वापरा. ‘/टी’ने मुलंही जातात.

१६. रन संपल्यावर पूर्ण मशीनच बंद करायचं आहे. काय सांभाळायचं?

‘शटडाउन’ला ५ मिनिटांची मुदत द्या; कोणी काम करत असेल तर ‘शटडाउन -सी’ने रद्द करता येतं. लगेच बंद केलंत तर एसएसएचची जोडणी तुटून २५५ येऊ शकतो आणि तो बिघाडाच्या २५५हून वेगळा ओळखता येत नाही. मशीन गेलं की नाही ते बाहेरून तपासा. स्वतःच्या मशीनवर आयपीएमआय (दुरून वीज चालू-बंद करायची सोय) असेल तर ‘पॉवर सॉफ्ट’ आधी, ‘पॉवर ऑफ’ नंतर. परत सुरू करायलाही तेच उपयोगी पडतं.

भाड्याच्या मशीनवर नियम वेगवेगळे आहेत. ॲझ्युरमध्ये आतून शटडाउन केलेल्या मशीनचं भाडं चालूच राहतं, ‘डीॲलोकेट’ करावं लागतं. एडब्ल्यूएसवर आतून केलेलं शटडाउन मुळात ‘स्टॉप’ धरलं जातं, पण सेटिंग ‘टर्मिनेट’ असेल तर मशीनच नाहीसं होतं. डिस्कचं भाडं दोन्हीकडे वेगळं चालू राहतं.

१७. बंद करताना मध्येच नेटवर्क तुटलं तर?

टर्मिनल न मागता चालवलेली कमांड एसएसएच तुटल्यावरही पलीकडे बहुधा चालू राहते. याचाच दुसरा अर्थ असा, की तुमच्या बाजूने एसएसएचला लावलेला ‘टाइमआउट’ फक्त तुमचा एसएसएच मारतो. मुदत मोजणं, सिग्टर्म, सिग्किल हे सगळं सर्व्हरवर ठेवलेल्या छोट्या स्क्रिप्टमध्ये असू द्या आणि दुरून फक्त तिला हाक मारा. ती दोनदा बोलावली तरी बिघडू नये: दुसरी हाक ‘एफलॉक’च्या कुलपापाशी थांबेल, आणि सर्व्हर आधीच बंद असेल तर ० परत करेल. मग नेटवर्क आलं की तीच कमांड पुन्हा द्यायची.

१८. स्क्रिप्टला एवढे अधिकार देणं सुरक्षित आहे का?

मोजकेच दिले तर हो. या कामासाठी वेगळी किल्ली करा. ‘ऑथराइज्ड_कीज’मध्ये तिच्यापुढे ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ‘कमांड=’ लिहून प्रश्न १७ मधली स्क्रिप्ट बांधून टाका. मग त्या किल्लीने दुसरं काही चालत नाही; ‘फ्रॉम=’ने पत्ताही ठरवता येतो. सुडोची नोंद ‘व्हिसुडो’ने करा आणि त्यात त्या एकाच युनिटची ‘स्टॉप’ कमांड जशीच्या तशी लिहा. तिथे ‘*’ टाकलंत तर मर्यादा घालण्याचा उद्देशच संपतो.

१९. स्लर्मवर चालणारा सर्व्हर वेळ संपायच्या आधी स्वतः जतन व्हावा, यासाठी काय करू?

‘एसबॅच’ला ‘--सिग्नल=बी:यूएसआर१@३००’ द्या, म्हणजे वेळ संपायच्या ३०० सेकंद आधी बॅच स्क्रिप्टला सिग्यूएसआर१ मिळतो. तो ६० सेकंदांपर्यंत लवकरही येऊ शकतो. बॅश पुढे चालू असलेली कमांड संपेपर्यंत ‘ट्रॅप’ चालवत नाही, म्हणून सर्व्हर ‘&’ने मागे टाकून ‘वेट’ करा; डॉकरच्या एंट्रीपॉइंट स्क्रिप्टलाही हेच लागू. ट्रॅपमधून सर्व्हरला सिग्टर्म पाठवा, सिग्इंट नको (प्रश्न १०), आणि ट्रॅपच्या शेवटी पुन्हा एकदा ‘वेट’ करा. तो दुसरा वेट राहिला तर स्क्रिप्ट लगेच संपते आणि स्लर्म चेकपॉइंट अर्धवट असतानाच सर्व्हर मारतं.

२०. डॉकरमध्ये प्रत्येक वेळी बरोबर १० सेकंद लागतात आणि १३७ येतो.

कंटेनरमधल्या १ क्रमांकाच्या प्रोसेसने हँडलर लावलेला नसेल तर कर्नल तिच्यावर सिग्टर्मचा नेहमीचा परिणाम होऊ देत नाही. सर्व्हर शेलमधून सुरू केला असेल तर १ क्रमांक शेलचा असतो आणि तो सिग्नल पुढे पोचवत नाही. दोन्हीत शेवट एकच, १० सेकंदांनी सिग्किल. ‘सीएमडी’ यादीच्या रूपात लिहा किंवा एंट्रीपॉइंट स्क्रिप्टची शेवटची ओळ ‘एक्झेक’ने सुरू करा. ‘डॉकर रन’ला ‘--इनिट’ लावल्यानेही बऱ्याचदा काम होतं, पण मध्ये शेल असेल तर तेवढं पुरत नाही. नुसती ‘-टी’ने मुदत वाढवलीत तर सिग्किल उशिरा येईल, एवढंच.